अज्ञात क्षार

ज्यांचं माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे, त्यांनी मला वर्गात कधीच शिकवलं नाही. त्या डेमॉन्स्ट्रेटर होत्या. व्याख्यानं देणारे प्राध्यापक वेगळे. डेमॉन्स्ट्रेटरनं दुपारच्या बॅचवर उभं राहायचं, रसायनांच्या बाटल्या भरलेल्या आहेत की नाहीत ते बघायचं, जर्नलवर सही करायची. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि इथंही मी तेवढंच म्हणणार आहे. नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं.

मी पूर्णेच्या खोऱ्यातली. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा काळ्याभोर जमिनीचा आहे. पऱ्हाटी, तूर, हरभरा असं सगळं पिकतं, पण ते पावसाच्या भरवशावर. विहीर खणली की खारं पाणी लागतं आणि त्या पाण्यानं ओलीत केलं तर जमीनच बिघडते. साबणाला फेस येत नाही. तुरीची डाळ कितीही वेळ चुलीवर राहिली तरी दाणा मोडत नाही. माझी माय गोड्या पाण्याची एक घागर फक्त वरणासाठी बाजूला ठेवायची, आणि त्या घागरीला हात लावला म्हणून मी मार खाल्लेला आहे. पाणी खारं का, हा प्रश्न गावात कुणी विचारत नव्हतं. मीही विचारला नव्हता. तो विचारता येतो हे मला अमरावतीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कळलं.

तेव्हा अकार्बनी गुणात्मक विश्लेषण हा प्रॅक्टिकलचा मुख्य भाग असायचा. आम्ही त्याला सॉल्ट अ‍ॅनालिसिस म्हणायचो. प्रत्येकाला कागदाची एक पुडी मिळे, तिच्यावर फक्त क्रमांक. आत कसलासा क्षार, कधी दोन क्षारांचं मिश्रण. त्यात कोणते आयन आहेत ते ओळखायचं. मिठाचा खडा पाण्यात विरघळला की मीठ म्हणून तो उरत नाही; सोडियम आणि क्लोराइड हे दोन विद्युतभारित आयन वेगवेगळे फिरू लागतात. डोळ्यांना दोन्ही दिसत नाहीत. त्यातल्या एकाला पकडायचं, तर त्याला असा जोडीदार आणून द्यायचा की दोघांची गाठ पडताच न विरघळणारा पदार्थ तयार व्हावा आणि नळीत खाली बसावा. साका पडला, रंग बदलला किंवा वायू निघाला, तर तो त्या आयनाचा पुरावा. सारं विश्लेषण एवढ्यावर उभं आहे.

मुलांनी मात्र जवळचा रस्ता शोधलेला असे. निळे खडे दिसले की मोरचूद, गुलाबी दिसले की कोबाल्ट, हिरवट दिसले की फेरस सल्फेट. आधी निष्कर्ष लिहायचा आणि मग पुस्तकातून त्याच्या चाचण्या उलट्या क्रमानं जर्नलमध्ये उतरवायच्या. एकदा एका अख्ख्या ओळीला हिरवी पूड आली होती. ओळीनं सगळ्यांनी लोह लिहिलं. मॅडमनी कुणाला काही म्हटलं नाही. एका मुलाच्या नळीतलं द्रावण घेतलं, त्यात अमोनिया घातला, मग डायमिथाइल ग्लायॉक्झिमचे दोन थेंब सोडले. नळी लालभडक झाली. ते निकेल होतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ ल्येव चुगायेव यांनी १९०५ साली शोधलेली ही चाचणी, हे त्यांनी जाता जाता सांगितलं आणि पुढं म्हणाल्या, ‘‘बेटा, त्याचं नाव त्याला सांगू दे. तू घाई करू नको.’’

त्यांची खरी शिकवण पुढंच होती. प्रत्येक निर्णायक चाचणीला त्या तीन नळ्या लावायला सांगत. पहिल्या नळीत आपला नमुना. दुसऱ्या नळीत नुसतं ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे कोरी नळी. तिसऱ्या नळीत तो आयन नक्की आहे असं माहीत असलेलं द्रावण. तिन्ही नळ्यांत तीच रसायनं, तेवढेच थेंब, त्याच क्रमानं. अभ्यासक्रमात हे नव्हतं. परीक्षेला याचे गुण नव्हते. उलट वेळ जाई आणि ऊर्ध्वपातित पाणी संपे, म्हणून मुलं कुरकुरत. मॅडम हटत नसत.

कोऱ्या नळीचा अर्थ मला क्लोराइडच्या चाचणीत उमजला. चाचणी सोपी आहे. द्रावणात थोडं सौम्य नायट्रिक आम्ल घालायचं, मग सिल्व्हर नायट्रेट. क्लोराइड असेल तर फाटलेल्या दह्यासारखा पांढरा साका पडतो. त्या दिवशी आमच्या टेबलावर ज्याला त्याला क्लोराइड सापडत होतं. मॅडमनी कोऱ्या नळ्या बघायला मागितल्या. त्यासुद्धा धूसर झालेल्या होत्या. सगळ्यांनी नळ्या नळाखाली धुतल्या होत्या आणि नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच. शेवटचं खळबळणं ऊर्ध्वपातित पाण्याचं हवं. जी नळी रिकामी असायला हवी तीच होकार देत असेल, तर बाकीच्या होकारांना काहीच किंमत राहत नाही. मला हे इतकं खोल लागलं की पुढं नोकरीत, घरात, माणसांच्या बाबतीतसुद्धा मी कोरी नळी शोधत आले.

त्यांना कारणं विचारलेली आवडत. आधी नायट्रिक आम्ल कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगायचं सोडून मला सोडा दिला. सोड्याच्या द्रावणात आम्ल न घालता सिल्व्हर नायट्रेट टाकलं, तर तिथंही फिकट साका आला. तो सिल्व्हर कार्बोनेटचा. आम्ल घातल्याबरोबर बुडबुडे येऊन तो नाहीसा झाला. म्हणजे आम्ल आधी घातलं की कार्बोनेटचा खोटा होकार उरत नाही. सल्फेटसाठी बेरियम क्लोराइड घालण्याआधी हायड्रोक्लोरिक आम्ल का, याचं उत्तरही तेच. मग क्लोराइडच्या साक्यावर त्यांनी अमोनिया ओतायला लावला, तो विरघळला. ब्रोमाइडचा फिकट पिवळा साका अमोनियात जेमतेम विरघळतो आणि आयोडाइडचा पिवळा तसाच राहतो. तीन सख्खे भाऊ, पण अमोनियापुढं तिघांचं वागणं वेगळं. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कायम असत. ऊन लागलं की ते आणखी गडद होत.

लॅबमधल्या काकांचंही ऋण सांगायला हवं. ते अटेंडंट होते. किपचं उपकरण त्यांच्या ताब्यात असे. आयर्न सल्फाइडचे तुकडे आणि सौम्य आम्ल यांपासून त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होई, आणि सडक्या अंड्यांचा तो वास आमच्या कपड्यांतून होस्टेलपर्यंत येई. विश्लेषणाच्या तक्त्यातल्या दुसऱ्या ग्रुपचे धातू, म्हणजे तांबं, बिस्मथ, कॅडमियम, आर्सेनिक, हे सारे या वायूनं आम्लात खाली बसतात. जस्त, मँगनीज, कोबाल्ट, निकेल बसत नाहीत. आम्लात सल्फाइड आयन फार थोडे असतात, म्हणून अगदीच न विरघळणारे सल्फाइड तेवढे पडतात. अमोनिया घातला की सल्फाइड वाढतं आणि उरलेल्यांची पाळी येते. ही सारी थिअरी काकांना ठाऊक नव्हती, पण त्यांचा एक नियम पक्का होता. ‘‘वास येते तोवर काम करा. वास यायचा बंद झाला तं बाहीर पळा.’’ वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच मरते, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. काकांनी ते मला कित्येक वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. पुढं कॉलेजांनी हा वायू प्रॅक्टिकलमधून काढून टाकला, ते योग्यच झालं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं. कुणी सांगितलं नव्हतं. पुडीतला क्षार ओळखता येतो तर हे का नाही, असं वाटलं होतं. मला भीती होती की मॅडम म्हणतील, हे अभ्यासक्रमात नाही. त्यांनी बाटली उजेडात धरली, घड्याळ बघितलं आणि बॅच संपल्यावर थांबायला सांगितलं. मग तीन नळ्या. कोरी नळी स्वच्छ राहिली. अमरावतीच्या नळाच्या पाण्याची किंचित दुधाळ झाली. आमच्या विहिरीच्या पाण्याचा साका गोळ्यागोळ्यांनी खाली बसला आणि खिडकीतल्या उजेडात हळूहळू जांभळट होत गेला. मी ती नळी कितीतरी वेळ हातात धरून होते. जे पाणी पिऊन मी वाढले, त्याच्यातलं काहीतरी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं.

आहे हे कळलं, आता किती आहे ते काढू, असं म्हणून त्यांनी मला मोहरचं अनुमापन शिकवलं. पोटॅशियम क्रोमेटमुळं पिवळ्या झालेल्या पाण्यात ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचं. चांदी आधी क्लोराइडला धरते. क्लोराइड संपलं की क्रोमेटला धरते आणि पाणी विटकरी होतं. आकडा लिटरमागं हजार मिलिग्रॅमच्या वर गेला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १०००.

मी हे घरी सांगितलं. माय म्हणाली, ‘‘हे तं माह्या जिभेले बी समजते. तुह्या मॅडमनं का नवीन सांगतलं?’’

तिचं बोलणं मी जसंच्या तसं मॅडमना सांगितलं. त्यांना ते फार पटलं. ‘‘तुझ्या आईची जीभ बरोबर आहे. क्लोराइडसाठी तिला प्रयोगशाळा नको. पण जिभेला न कळणारं काही पाण्यात असलं तर?’’ मग विहिरीच्या आसपास काय आहे ते त्यांनी खोदून खोदून विचारलं. विहिरीच्या वरच्या अंगाला आमचा शेणखताचा उकिरडा होता. त्यांनी उरलेलं पाणी चिनीमातीच्या वाटीत पाण्याच्या वाफेवर आटवायला ठेवलं. घोटभर उरलं तेव्हा ताजं फेरस सल्फेट घातलं, नळी तिरपी धरली आणि तीव्र गंधकाम्ल तिच्या काठाकाठानं सोडलं. आम्ल जड, ते खाली गेलं. दोन थर जिथं भेटले तिथं तपकिरी कडं उमटलं. नायट्रेट. शेजारी ऊर्ध्वपातित पाण्याची नळी, तशीच आम्ल सोडलेली, कडं नसलेली.

त्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं ते माझ्या सगळ्या पुढच्या कामाचं मूळ आहे. नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळून ते जात नाही. पाणी आटल्यामुळं त्याचं प्रमाण उलट वाढतं. मोठ्यांना बहुधा काही जाणवत नाही. पण तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं फेरस लोह फेरिक होतं आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. बाळ निळं पडतं. हंटर कॉम्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९४५ साली आयोवामधल्या शेतावरच्या विहिरींशी या आजाराचा संबंध जोडून दाखवला होता. मर्यादा लिटरमागं ४५ मिलिग्रॅमची आहे. फेरस आणि फेरिक हे शब्द मी तोवर फक्त तिसऱ्या ग्रुपच्या तक्त्यात वाचले होते. ते एखाद्या लेकराच्या रक्तातही असतात, आणि एकाचं दुसऱ्यात होणं जिवावर बेतू शकतं, हे मला कुठल्याही व्याख्यानात मिळालं नव्हतं.

बाबांनी उकिरडा हलवला. सहज नाही, जागा सोयीची होती, ढोरं तिथून जवळ होती. मॅडमनी मला एका कागदावर सरळ मराठीत चार ओळी लिहून दिल्या होत्या, त्या मी बाबांना वाचून दाखवल्या. त्याच उन्हाळ्यात माझ्या मोठ्या भावाला मुलगा झाला. त्याच्या दुधात, त्याच्या औषधात आम्ही विहिरीचं पाणी पडू दिलं नाही.

मॅडमजवळ आर्थर व्होगेल यांचं गुणात्मक विश्लेषणाचं पुस्तक होतं. १९३७ साली पहिल्यांदा निघालेलं आणि आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिलेलं. त्यांच्या प्रतीवर आम्लानं पडलेली भोकं होती, आणि समासात बारीक अक्षरात नोंदी. त्या मला व्होगेलच्याही मागं घेऊन जायच्या. जर्मनीत कार्ल रेमिगियस फ्रेसेनियस यांनी १८४१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, विश्लेषणाचं पुस्तक लिहिलं आणि मोजक्या अभिकारकांनी धातू गटागटानं वेगळे करण्याची रीत घालून दिली. १८४८ मध्ये त्यांनी वीसबाडनला प्रयोगशाळा काढली, आणि तिथल्या भागातल्या झऱ्यांचं पाणी तपासण्यात आयुष्याचा मोठा हिस्सा घातला. रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांना १८६० मध्ये सीझियम सापडलं, तेही ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात. वर्णपटातल्या दोन निळ्या रेषांवरून. त्याचा क्षार हाती लागावा म्हणून सुमारे ४० टन पाणी आटवावं लागलं. मॅडम हे सांगत तेव्हा मला वाटे, आमची विहीरसुद्धा या झऱ्यांच्याच रांगेतली आहे. आपल्या गावचं पाणी विज्ञानाचा विषय होण्याच्या लायकीचं आहे, हा मान त्यांनी मला दिला.

मी पुढं पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत लागले आणि निवृत्तही तिथूनच झाले. बदल्यांमध्ये यवतमाळ वाट्याला आलं. पांढरकवड्याच्या बाजूच्या काही गावांत शाळकरी मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसत. खडकातलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. त्यालाही चव नाही. लिटरला १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा, फार तर १.५, त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं तर आधी दात आणि मग हाडं बिघडतात. फ्लोराइडची चाचणी उलटी आहे. झिर्कोनियम आणि रंगद्रव्य यांचं लाल संयुग घ्यायचं; फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून नेतं आणि लाली उतरते. जितकं फ्लोराइड जास्त तितका रंग कमी. अशा चाचणीत शेजारी कोरी नळी नसेल तर रंग उतरला म्हणजे किती उतरला, ते सांगायचं कशावरून?

एका गावात हातपंपाचं फ्लोराइड एकाएकी वाढलेलं दिसलं. खडकातलं फ्लोराइड असं आठवड्याभरात उडी मारत नाही. मी जलसुरक्षकाला विचारलं. आदल्याच दिवशी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं होतं. त्या पाण्यात क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे थेंब घातले तर ते पिवळंधमक झालं. क्लोरीन भरपूर होता, आणि क्लोरीनही रंगद्रव्याची लाली उतरवतो. क्लोरीन उतरू दिला, नमुना परत घेतला, आकडा जुन्या जागी आला. दुसऱ्याच कशानं तरी दिलेला होकार ओळखणं हे मी सोडा आणि सिल्व्हर नायट्रेटवर शिकले होते. नंतर प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर आला, आयन मोजणारे इलेक्ट्रोड आले. त्या यंत्रांनाही सकाळी पहिल्यांदा कोरं द्रावणच दाखवावं लागतं.

मॅडमना मी शेवटची भेटले ती त्यांच्या निवृत्तीनंतर, अमरावतीच्या घरी. त्यांची नजर अधू झाली होती. मी त्यांना गावांची नावं आणि आकडे सांगत गेले, त्या एकेका आकड्यावर प्रश्न विचारत गेल्या. नमुना कुणी घेतला, बाटली कशानं धुतली, किती तासांनी तपासला. माझं कौतुक त्यांनी केलं नाही. निघताना व्होगेलची प्रत मात्र माझ्या हातात ठेवली.

आता बारावीची कितीतरी मुलं मोठ्या शहरांत क्लासला असतात आणि कॉलेजात त्यांचं फक्त नाव असतं. तपकिरी कड्याचं सूत्र त्यांना पाठ असतं, चार पर्यायांतून ते अचूक निवडतात. कडं कधी बघितलेलं नसतं. मला याचा त्रास होतो आणि मी तो जिथं बोलावतील तिथं बोलून दाखवते. ज्या हातांनी एकदाही कोरी नळी धरली नाही, त्या हातांकडून पुढं रक्ताचे आणि पाण्याचे अहवाल येणार आहेत.

म्हणून निवृत्तीनंतर मी गावोगावच्या बायकांना शिकवायला जाते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचा संच वापरायला शिकवायचं असतं. संचात छोट्या बाटल्या, रंगांचे तक्ते आणि सूचनांचा कागद असतो. मी सोबत ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन नेते आणि प्रत्येक चाचणीला दुसरी नळी लावायला सांगते. तिसरीही, जमेल तिथं. सुरुवातीला त्या म्हणतात, ‘‘ताई, त्यात तं काहीच नाही, ते कशाले तपासायचं?’’

दर्यापूरकडच्याच एका गावात क्लोराइडची चाचणी चालली होती. थेंब मोजत सिल्व्हर नायट्रेट सोडायचं, पिवळं विटकरी होईपर्यंत. कोऱ्या नळीला पहिल्या थेंबालाच रंग यायला हवा होता. एका बाईच्या नळीला चार लागले. मी काही बोलायच्या आत तिनं ती नळी ओतून टाकली आणि म्हणाली, ‘‘म्या हे हापशीवर धुतली होती.’’ तिनं कॅनमधलं पाणी घेऊन नळी दोनदा खळबळली आणि परत पहिल्यापासून मोजायला बसली. बाकीच्या चौघींनीही आपापल्या नळ्या ओतल्या.

त्या गटाला आता नायट्रेटची चाचणी शिकवायची आहे. गावातल्या तीन विहिरींच्या वरच्या अंगाला उकिरडे आहेत आणि दोन घरांत तान्ही बाळं आहेत, ही यादी त्यांनीच करून ठेवली आहे. संचातल्या नळ्या पाच जणींना पुरत नाहीत. मी अमरावतीहून आणखी मागवल्या आहेत.